पत्र्याखालची साठ अंडी

धरणगाव
३० ऑगस्ट

प्रिय रोशनी,

परवा सकाळी मी आणि सारिकाने मागच्या अंगणात बसून बावीस अंडी फोडली. वास इतका होता की सारिका नाकाला पदर लावून दोनदा उठून गेली. मी उठले नाही. जी अंडी अगदीच सडली नव्हती त्यांच्या बलकावर एक बारीक लाल कडं होतं, शिवणाच्या दोऱ्याएवढं, गोल, आणि त्याच्या आत काहीच नव्हतं. ते कडं मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वी तू आबांच्या मोबाईलवर फोटो पाठवले होतेस, त्यात हेच होतं. सारिका म्हणाली, आई, तुमचा चेहरा असा का झाला, पाणी आणू का? मी पुढचं अंडं फोडलं. घरात गणपती बसले आहेत, सून आहे म्हणून नैवेद्य वेळेवर होतो. माझ्या हातून काल दुधाचं पातेलं पडलं आणि आज चष्मा.

मला लिहायची सवय नाही हे तुला माहीत आहे. मॅट्रिक झाले तेवढंच. बोलतेही कमी. पण हे मला तुला सांगायचं आहे आणि ते सुरुवातीपासून सांगायला हवं. त्यातलं बरंचसं तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण मी तेच सगळं दोन वर्षं एका तऱ्हेने समजून बसले होते आणि परवापासून ते तसं राहिलेलं नाही.

तुझे वडील भुराभाऊ दीपनगरच्या वीजकेंद्रात राखेच्या कामावर ठेकेदाराकडे होते, आणि आमचे हे, तुझे आबा, बॉयलरवर. आबा रिटायर होऊन आम्ही इथे धरणगावला आलो. पुढच्याच जूनमध्ये भुराभाऊ तुला घेऊन ओट्यावर उभे राहिले, हातात चारोळीची पिशवी. म्हणाले, आबा, पोर दहावी पास झाली, पाड्यावर पुढची शाळा नाही. आबांनी मला विचारलंसुद्धा नाही, मागची खोली उघडून दिली. मला त्या दिवशी राग आला होता, हे आज सांगते. आठ दिवसांत तो गेला. तू न सांगता भांडी घासायचीस, आणि कॉलेजातून आलीस की आबांच्या मागे कोंबड्यांत. कोणती कोंबडी खुडूक होऊन उबायला बसणार हे तुला त्यांच्याआधी कळायचं. आबा आमच्या पंडितला चिडवायचे, मना पोऱ्याले बसेल कोंबडी धरता येत नही, नि हाई पोर उडती कोंबडी धरस. पंडित म्हणायचा, मग तिलेच पोऱ्या म्हणा. बारावी होऊन तू गेलीस तेव्हा आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला म्हणाले, तोंडाला चव नाही.

आबा कसे होते ते तू पाहिलं आहेस, पण दीपनगरची एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. पंडित तेव्हा दुसरीत होता. रात्रपाळीत एक व्हॉल्व्ह अर्धा बंद राहिला आणि सहा तास युनिट बंद पडलं. कोणाच्या पाळीत राहिला हे कोणालाच सांगता येत नव्हतं. तीन माणसांवर संशय होता. आबांनी दुसऱ्या दिवशी जाऊन रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव लिहिलं. त्यांना मेमो मिळाला, एक पगारवाढ थांबली. मी त्यांच्याशी भांडले, कोणी विचारलं नव्हतं तर लिहिलं कशाला? ते म्हणाले, मी नसतं लिहिलं तर दुसऱ्याचं लिहिलं गेलं असतं. एवढंच म्हणाले आणि अंघोळीला गेले. छत्तीस वर्षं मी याच माणसाबरोबर राहिले. निदान मला तसं वाटत होतं.

कोंबड्यांच्या बाबतीतही त्यांचा नियम ठरलेला होता. उबवायची अंडी न्यायला लोक यायचे तेव्हा ते आधी सांगायचे, घरून हातात नेलीत तर दहातली सात पिल्लं माझ्याकडून समजा. गाडीने मागवलीत तर माझी जबाबदारी ह्या ओट्यापर्यंत, रस्ता माझा नाही. एकदा नशिराबादचा एक माणूस भांडायला आला होता. वीस अंड्यांतून चारच पिल्लं निघाली म्हणून न उबलेली अंडी पिशवीत घालून घेऊन आला. आबांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि एकेक अंडं टॉर्चवर धरून दाखवलं. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची जागा असते, ती गाडीच्या हादऱ्याने सुटली होती आणि अंडं हलवलं की इकडेतिकडे पळत होती. बाहेरून एकही तडा नव्हता. तो माणूस मान हलवत गेला, पण त्याला पटलं. कारण आबांनी अंडी पाहिली होती, त्यांनी न बघता उत्तर दिलं नव्हतं. मला हा नियम बरोबर वाटायचा आणि अजूनही वाटतो. गाडीने अंडी मागवणाऱ्याने रस्त्याचा धोका धरूनच चालायचं.

मग ते वर्ष आलं, अधिक श्रावणाचं. उन्हाळ्यात तुमच्या पाड्यावर मानमोडी आली आणि घरोघरच्या कोंबड्या मेल्या. तुझ्या आईच्या, धनीबाईंच्या अकरा गेल्या. तुमच्या बायांच्या गटाने अंडी उबवायचं मशीन घेतलं. तू गटाची सचिव होतीस, वय बावीस. तू फोन केलास तो मी घेतला होता, आठवतं? तू म्हणालीस, अक्का, साठ अंडी पाहिजेत, बाया म्हणत होत्या शिरपूरहून कुठूनही आणू, मी सांगितलं आमच्या आबांकडचीच आणायची. आबांनी नियम तुलाही सांगितला, तू हसून म्हणालीस, पाठ आहे आबा. त्यांनी आठवडाभर अंडी जमवली. प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख. आतल्या कोठीच्या खोलीत, जिथे मातीच्या भिंतीमुळे भर उन्हाळ्यातही गार असतं, तिथे टोकं खाली करून ती ओळीत ठेवली. पंच्याहत्तरच्या आसपास झाली होती.

आणि कानबाई देवीचा सण आला. तू आमच्या घरी दोनदा पाहिली आहेस. घर सारवून-पुसून घ्यायचं, नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडायचे, भाऊबंद सगळे येणार. गुरुवारी माझी जाऊ वच्छलाबाई मदतीला आली. कोठीच्या खोलीत डोकावली आणि दारातच थांबली. म्हणाली, घरमा देवी येई राहिनी नि कोठीमा अंडा? वा वो पुष्पाबाई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आबांना म्हटलं, अंडी आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. ते म्हणाले, अंडास्नं काय शे, त्या काय देवीले चावतीन का? वच्छलाबाईसुद्धा हसली. पण मी हसले नाही. मी म्हटलं, श्रावणातली देवी आहे, घरात अंडं राहणार नाही. ते म्हणाले, ठेवू कुठे, पत्र्याच्या खोलीत? शिजतील तिथे. मी म्हटलं, श्रावणात कुठलं आलंय ऊन. असं मी म्हटलं, रोशनी. त्या वर्षी अधिक महिन्यानंतर पावसाचा थेंब नव्हता. पूर्ण ऑगस्ट कोरडा गेला, कपाशी माना टाकत होती, दुपारी अंगणात अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. आणि मी म्हटलं, श्रावणात कुठलं ऊन.

आबांनी अंडी फवारणीच्या पंपाशेजारी पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवली आणि वर गोणपाट ओलं करून टाकलं. गुरुवारी टाकलं, शुक्रवारी टाकलं. शनिवारपासून पाहुणे यायला लागले, रविवारी देवी बसली, सोमवारी मिरवत नदीवर नेली. त्या तीन दिवसांत गोणपाट कोणी ओलं केलं असेल असं मला वाटत नाही. मंगळवारी सकाळी त्यांनी साठ अंडी वेगळी काढली, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळली, खोक्यात भाताचं तूस भरलं, टोकं खाली करून लावली. चारी बाजूंनी लिहिलं, अंडी आहेत, उलटू नये. हिलाल पिकअपवाला शिरपूरच्या बाजूला माल घेऊन जातो, त्याच्याकडे दिलं. हिलालने खोकं मागे ठेवलं नाही, पुढे स्वतःच्या शेजारच्या सीटवर ठेवलं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तू काय काय केलंस ते मला धनीबाईंनी नंतर सांगितलं. अंडी संध्याकाळी पोचली. तू लगेच मशीनमध्ये घातली नाहीस. रात्रभर आणि दुसरा पूर्ण दिवस टोकं खाली करून स्थिर ठेवलीस, कारण गाडीतून आलेल्या अंड्याला आधी बसू द्यायचं असं आबांनी शिकवलं होतं. मग एकवीस दिवस तू मशीनजवळ झोपलीस. दर दोन तासांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला गरमी लिहीत होतीस. लाईट गेली की दोन बाया आणि तू गोधड्या घेऊन मशीनवर. मावसबहिणीच्या घाईत ठरलेल्या, बिनमुहूर्ताच्या लग्नाची हळद होती, तू अर्धा तास गेलीस आणि जेवण न करता परत आलीस. तो अर्धा तास पुढे किती मोठा झाला.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी पिल्लं निघायची होती. तीन निघाली, त्यातलं एक संध्याकाळी मेलं. तू दोन दिवस वाट पाहिलीस, मग अंडी फोडलीस आणि फोटो पाठवलेस. आबा चहा पीत होते. त्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग मला दाखवला. मी म्हटलं, हे लाल काय आहे? ते चहा तसाच ठेवून मागे गेले. तुला पाठवून उरलेली चौदा-पंधरा अंडी पत्र्याच्या खोलीतच पडून होती, कोणी हात लावला नव्हता. मी धुणं वाळत घालत होते. ते उकिरड्याजवळ उकिडवे बसले आणि ती अंडी एकामागून एक फोडत होते, फोडून त्यात बघत होते. सगळी फोडली. मग नळावर बराच वेळ साबणाने हात धुतले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, खराब निघाली. मी म्हटलं, एवढे दिवस ठेवल्यावर होणारच. आणि मी पुढचा कपडा पिळायला घेतला.

त्याच दुपारी तुमच्याकडून फोन आला. बाया तुमच्या अंगणात बसल्या होत्या आणि तुमच्या गटातल्या ललिताबाईंनी मोबाईल सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला होता. आबांनीही स्पीकर लावला, त्यांना कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं. मी समोर बसून ज्वारी पाखडत होते. ललिताबाई सरळ बाई. त्या म्हणाल्या, आबा, आम्हाला तुमच्याशी भांडायचं नाही, गाडीचा धोका आमचा हे पोरीने आधीच सांगितलं होतं. फक्त एवढं सांगा, अंडी चांगली होती ना? आमच्यात दोन गोष्टी चालल्या आहेत. कोणी म्हणतं अंडी तिकडूनच खराब आली, कोणी म्हणतं पोर हळदीला नाचायला गेली आणि मशीन थंड पडलं. तुम्ही सांगाल ते आम्ही खरं धरू. आबा म्हणाले, अंडी चांगली होती. मशीनकडे लक्ष कमी पडलं असेल. मागून कोणीतरी बाई तुमच्या बोलीत काहीतरी बोलली आणि दोघीतिघी हसल्या. मग तुझा आवाज आला. तू म्हणालीस, हो आबा. एवढंच. आणि फोन बंद झाला.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहिते, लपवत नाही. मला वाटलं, किती शांतपणे बोलले, आवाज चढवला नाही, पोरीला रागावलेही नाहीत. मला त्यांचा अभिमान वाटला.

पुढचं तू भोगलं आहेस. गटाचं रजिस्टर तुझ्याकडून घेतलं. ज्यांनी मशीनसाठी घरचं धान्य विकलं होतं त्या तुझ्या दारावरून बोलत जायच्या, शिकली म्हणून मोठी झाली, अंडं सांभाळता आलं नाही. तुला पाड्यावर राहवेना, तू शिरपूरला कापडाच्या मिलमध्ये पॅकिंगच्या कामाला लागलीस. आबांनी तुझं नाव घेणं सोडलं. मला वाटायचं, ते तुझ्यावर नाराज आहेत. माघात ते गेले. सकाळी कोंबड्या सोडल्या, ओट्यावर बसले, आणि मी चहा घेऊन आले तर मान खाली. तू दहाव्याला आलीस, मागे बायांत बसलीस, आणि सगळे जेवून गेल्यावर नेहमीसारखी न सांगता भांड्यांना बसलीस. मी तुझ्याजवळ आले. तुला वाटलं असेल अक्का पाठीवरून हात फिरवेल. मी म्हटलं, पोरी, लक्ष द्यायचं होतंस गं, आबांना फार लागलं ते. तू राखेचा हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, हो अक्का. आबांना म्हणाली होतीस तसंच.

ह्या माघात वर्षश्राद्ध झालं. मागच्या श्रावणात सुतकाचं वर्ष म्हणून कानबाई बसवली नव्हती, ती यंदा बसवली. कोंबड्या आता सारिका आणि मी पाहतो, तीसेक आहेत. देवी येणार म्हणून मीच अंडी पुन्हा पत्र्याच्या खोलीत नेली. तशीच, गुरुवारी, आणि यंदाही त्या आठवड्यात पाऊस उघडून पत्रा तापलेला होता. ह्या वर्षी मला कोणी टोकलंही नाही, मला स्वतःलाच आठवण होती की अंडी बाहेर ठेवायची असतात. मंगळवारी दोन खुडूक कोंबड्यांखाली ती चोवीस अंडी बारा-बारा ठेवली. सोमवारी देवी गेल्यावर जी नवीन अंडी आली ती घरात कोठीच्या खोलीतच होती, ती दहा तिसऱ्या कोंबडीखाली. परवा हिशेब लागला. तिसऱ्या कोंबडीची दहातली नऊ पिल्लं निघाली, अंगणात आईमागे पळतात. त्या दोघींची चोवीसातून दोन.

सारिका म्हणाली, कोंबडा म्हातारा झाला असेल. पण कोंबडा तिन्हीकडे एकच. मशीन नव्हतं, की लाईट गेली. पिकअप नव्हती, की खड्ड्यात आपटली. अंडी पत्र्याच्या खोलीतून खुराड्यापर्यंत मी टोपलीत नेली, वीस पावलं. रस्ताच नव्हता, रोशनी. पत्र्याखालच्या उन्हात जीव अर्धवट धरला गेला आणि तिथेच मेला, ते लाल कडं त्याचंच. तुझ्याकडे अंडी पोचली तेव्हा ती मेलेलीच होती. तू एकवीस दिवस मेलेल्या अंड्यांपाशी जागलीस.

हे कळलं तेव्हा पहिली माझी चूक दिसली. अंडी बाहेर काढायला मी लावली. देवी काही म्हणत नव्हती, मी जावेला लाजले. ते कसंही करून गिळता येईल, ते माझं आहे. पण मग उकिरड्याजवळ बसलेले आबा आठवले. त्या चौदा-पंधरा अंड्यांना ना गाडी लागली होती ना मशीन. त्यांनी ती एकेक फोडून पाहिली, आणि त्यांना ते कडं दिसलं. जे मला दोन वर्षांनी कळलं ते त्यांना त्या सकाळी दहा मिनिटांत कळलं. ते फोनच्या आधी कळलं, नंतर नाही. हे मी तीन दिवस सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. धुणं त्या दिवशी सकाळचंच होतं, फोन दुपारचा होता. दुसरं काही निघत नाही.

अंडी पाठवताना त्यांना माहीत नसावं, असं मला वाटतं. शपथ घेऊन सांगू शकत नाही, पण वाटतं. खोकं भरताना त्यांनी साठ अंडी टॉर्चवर धरून निवडली नाहीत, घाई होती, तुमचं मशीन गरम होऊन तयार होतं. ती चूक झाली, चूक कोणाच्याही हातून होते. रस्त्याचा धोका घेणाऱ्याचा हे मी अजूनही मानते, पण खोकं बंद होईपर्यंत जे होतं ते देणाऱ्याचं. त्यांनी तेवढं सांगायला हवं होतं. पुढचं बायांनी काहीही ठरवलं असतं. त्यांनी का सांगितलं नाही ते मला कळत नाही. सांगितलं असतं तर बायकोने अंडी उन्हात ठेवली असं निघालं असतं, म्हणून? मला लागेल म्हणून? की ज्यांच्या अंड्यांसाठी नशिराबादहून लोक येतात त्यांचं नाव जाईल म्हणून? माझ्यासाठी केलं असेल तर मला ते नको होतं. मी त्यांच्या फोटोसमोर उभी राहून विचारलं. माणूस गेल्यावर भांडायलाही उरत नाही. रात्रपाळीच्या एका व्हॉल्व्हसाठी स्वतःचं नाव लिहिणारा माणूस आणि ज्वारी पाखडणाऱ्या बायकोसमोर बसून पोरीवर ढकलणारा माणूस, हे दोन्ही एकच, हे माझ्या डोक्यात बसत नाही. त्यांच्यासाठी मी दीड वर्ष रडले ते खोटं नव्हतं. कालही रडले, पण काल कोणासाठी रडत होते ते सांगता येणार नाही.

हिलाललाही मी काल बोलावून सांगितलं. आबांनी नंतर त्याला एकदा म्हटलं होतं, जरा हळू चालव रे, आणि तेव्हापासून तो आमचा माल घेत नव्हता. तो ऐकून घेऊन म्हणाला, अक्का, माले तवयच माहीत व्हतं, मी त्या खोकाले पोरगासारखं जपीसन लई गयथू. चहा न घेता गेला.

आता हे पत्र कशाला ते लिहिते. हे तुझ्या नावाने आहे, पण तुझ्या एकटीसाठी नाही. तुमच्या गटाची बैठक पाच तारखेला असते. मिलमधून एक दिवस सुट्टी काढ आणि हे पत्र त्या अंगणात, ललिताबाईंसमोर आणि त्या दिवशी हसलेल्या बायांसमोर, वरपासून खालपर्यंत वाच. मी फोन करू शकले असते, पण फोनवर ऐकलेलं जो तो आपल्या सोयीने सांगतो, म्हणून कागदावर दिलं आहे आणि प्रत्येक पानावर सही केली आहे. पंडित म्हणाला, आई, बाबा गेले, आता कशाला उकरतेस, गावात काय राहील. मी त्याला पाकीट आणायला सांगितलं. दोन तास बसून राहिला, मग आणून दिलं. बायांना मराठी कमी समजतं, तू तुमच्या बोलीत सांगशील. आणि मला तू माहीत आहेस. माझा भाग तू सांगशील, देवीचा, उन्हाचा, पण आबांपाशी आलीस की तू म्हणशील, आबांना माहीत नव्हतं, आबांचा अंदाज चुकला. तसं सांगू नकोस. सांग की अंडी आमच्या घरीच मेली होती, आबांना ते कळलं होतं, आणि ते कळल्यावर आबा तुमच्याशी खोटं बोलले. हे वाक्य मी पाच कागद फाडल्यावर लिहिलं आहे. ते गाळू नकोस, पोरी.

तुझीच,
पुष्पाअक्का
(पुष्पाबाई झुलाल महाजन)